वाटे लावलेली अक्का

ती घटना विसरायला मला आवडलं असतं, पण टीव्हीवाले विसरू देत नाहीत. आमच्या धुळ्याच्या कॉलनीत पोलिसांच्या मालिकेचा भाग रात्री संपतो आणि सकाळी फिरायला निघालेली मंडळी मला गाठतात. "साहेब, कालचा भाग कसा वाटला? खुनी आम्ही आधीच ओळखला होता!" मी मान डोलावतो आणि चाल वाढवतो. प्रेक्षकांच्या मतांवर तपास चालवला की काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी एकदा चालवला आहे.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. बदली होऊन नरडाण्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी म्हणून आलो होतो. अहिराणी अजून कानाला नवी होती, पण कळत नाही हे कबूल करायला खांद्यावरचे तारे आड येत होते. त्यामुळे कुणी काही बोललं की मी गंभीर चेहरा करून "बरं, बरं" म्हणायचो.

त्या आठवड्यात मालिकेत एक भाग लागला होता. सून सासूला मारते, नव्या ओट्याखाली पुरते आणि विचारणाऱ्याला थंडपणे सांगते, "सासूबाई गावाला गेल्यात." आसपासच्या सगळ्या गावांनी तो पाहिला. मीही पाहिला, आणि त्यातला इन्स्पेक्टर किती बावळट आहे यावर बायकोला व्याख्यानही दिलं.

नंतर लगेचच ठाण्यात फोन आला. बोलणारे जवळच्या गावातले एक नाना होते. "साहेब, आमच्या शेजारची अक्का दिसत नाही. मोबाइल घरातच वाजतो आहे. मुलगा सुरतेला असतो, त्याला काही माहीत नाही. घरात फक्त सून. आणि साहेब, मागच्या अंगणात नवा ओटा बांधलाय!"

"सून काय म्हणते?"

"म्हनस, वाटे लाई दिधं."

मी खुर्चीतून उठलो. वाट लावली! सरळ कबुली! असा प्रामाणिक आरोपी मला नोकरीत भेटला नव्हता. मिसिंग नोंदवायला सांगितलं, महिला हवालदार आणि दोन अंमलदार बरोबर घेतले आणि निघण्याआधी वरिष्ठांना फोन करून टाकला, "सर, खुनाचा प्रकार दिसतो. कबुली मिळते आहे." हा फोन थोडा उशिरा केला असता तर माझं बरंच हसं टळलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. प्रेत उकरायचं तर तहसीलदार हजर लागतात. ते बैठकीत अडकले होते. तोवर दोन मजूर कुदळी घेऊन ओट्यापाशी उभे केले, पंच बोलावले. गाव मात्र कुणासाठी थांबलं नव्हतं.

"साहेब, ओटा नका खणू. सिरियलमा ओटा व्हता म्हनीसन हाई बाई हुशार व्हयनी आसंल. गोठामा दखा!"

"त्या भागात सून रडत नव्हती. ही पण रडत नाही."

"माले त पहिल्या दिवसपाईनच शक व्हता," असं एक आजीबाई म्हणाल्या. त्यांचा शक सुनेवर होता की मालिकेतल्या सुनेवर, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सून तिशीच्या आतली, बारीक चणीची. रडत नव्हती हे खरं, पण पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती. मी तिला मधल्या खोलीत बसवलं, महिला हवालदार शेजारी. खिडकीबाहेर नाना आणि त्यांच्यामागे माणसांची भिंत. ती खिडकी मी बंद करायला हवी होती. केली नाही, हे फार बरं झालं.

"अक्कांचं काय केलंस?"

"वाटे लाई दिधं," ती खाली बघत म्हणाली.

"बरं, बरं. कुणाची मदत होती?"

"कोनीच नई. मी एकलीच."

"घरातच?"

"नई. टेशनवर."

मी हबकलो. माझ्या डोळ्यांसमोर माझंच ठाणं आलं. "स्टेशनवर? कुणी पाहिलं नाही?"

"गर्दी व्हती. कोन कोनाकडे दखस?"

"आणि ती... गप्प राहिली?"

"नई ना. म्हने, लवकर कर, गाडी सुटी जाई."

इथे महिला हवालदाराला खोकल्याची उबळ आली. मी तिच्याकडे रागानं पाहिलं. तेवढ्यात खिडकीतून नानांचा आवाज आला, माझ्याइतकाच वैतागलेला. "अहो साहेब, काय ऐकता तुम्ही! ती म्हणते आहे की तिने सासूला रेल्वेत बसवून दिलं. वाटे लावणं म्हणजे निरोप द्यायला जाणं. तीच तर थाप आहे! सिरियलमध्ये पण सून हेच सांगत होती!"

मी नानांकडे पाहिलं, नानांनी माझ्याकडे. एकाच वाक्यावर आम्ही दोघांनी खटला उभा केला होता. त्यांनी मला थाप म्हणून सांगितलं, मी कबुली म्हणून घेतलं. ते खरंही असू शकेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

अंगणात हसू फुटलं. मजुरांनी कुदळी टेकवल्या. पण मला हसता येईना. अक्का जिवंत आहे हे अजून सिद्ध व्हायचं होतं. सुरतेहून मुलगा निघाला होता, आणि नाना त्याला फोनवर काय काय सांगून बसले होते देव जाणे. त्याच्या डोळ्यांत बायको खुनी ठरली होती.

मी खिडकी लावली. "बाई, माझी चूक झाली. आता एवढंच सांग, अक्का कुठे गेल्या?"

"अक्कानी माले शपथ घाली शे."

तिचे डोळे पहिल्यांदा भरले. खून केला असं गाव म्हणत होतं, कुदळी दारात होत्या, तरी तिने शपथ मोडली नव्हती. मी बाहेर गेलो. ती फक्त हवालदाराशी बोलली, तेही कानात.

अक्काची मुलगी बोदवडला. तिने स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं म्हणून सुरतेच्या भावाने नाव टाकलेलं. ती बाळंत झाली होती. सासू-सुनेनं मिळून डिंकाचे लाडू वळले, पिशवी भरली आणि सुनेनं अक्काला नरडाण्याहून गाडीत बसवून दिलं. मोबाइल मुद्दाम घरी ठेवला. मुलाचा फोन आला तर "बाहेर गयी" म्हणता येईल, हे दोघींनी ठरवलेलं. नाना मध्ये येतील, हे ठरवलं नव्हतं.

बोदवडच्या ठाण्याला फोन लावला. तिथला हवालदार त्या घरी गेला आणि त्याने आपला मोबाइल अक्काच्या हातात दिला. मी अंगणात उभा. अक्का कुठे आहेत हे गावाला कळू द्यायचं नव्हतं, पण त्या आहेत हे कळायलाच हवं होतं. मी स्पीकर लावला.

"कोन मरी गयं?" पलीकडून खणखणीत आवाज.

"अक्का, तुम्ही."

"मी? तुमना डोकामा काय भरेल शे? मन्या सूनले हात लावशात ना, त मीच येसू तठे!"

इतकं गोड मला आजवर कुणी झापलेलं नाही. मी त्याच, भांडी घासायला बांधलेल्या ओट्यावर बसलो. नाना पुढे सरसावले, "अक्का, कोठे शे तू?" तेवढ्यात फोनमधून तान्ह्या बाळाचं रडणं आलं, चांगलं मोठ्यानं.

सगळ्यांना सगळं कळलं. मग त्याच आजीबाईंनी, पहिल्या दिवसापासून शक असलेल्या, फोनकडे तोंड करून विचारलं, "पोऱ्या शे का पोर?"

"पोर शे!" अक्का म्हणाली.

संध्याकाळी मुलगा आला. मी दारातच थांबलो होतो, हातघाई होईल म्हणून. त्याला सगळं सांगितलं. त्याने हातातली बॅग खाली ठेवली. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "लाडू उरेल शेतस का?" मला वाटलं, त्याला भूक लागली असेल. दुसऱ्या सकाळी तो उरलेले लाडू घेऊन बोदवडच्या वाटेला लागला.

वरिष्ठांना मी कळवलं की मयत व्यक्तीने मला फोनवर झापलं. ते काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या केसनं मला शिकवलं ते इतकंच: समोरच्याचं वाक्य आपल्याला कळलं असं वाटलं की एकदा त्यालाच त्याचा अर्थ विचारावा. आणि समोरचा खोटंच बोलणार हे आधी ठरवून गेलं, तर खरं कानावरून निघून जातं. कॉलनीतल्या मंडळींना मी हे सांगत नाही. ते म्हणतील, मग मालिका कशाला पाहायची?

माझी तिथून बदली झाली त्या दिवशी स्टँडवर सोडायला काही माणसं आली. त्यांत अक्का होती, सून होती, तिच्या हातात डबा होता. मी विचारलं, "तुम्ही कशाला त्रास घेतला?"

सून पदराआड हसली. "साहेब, तुम्हले वाटे लावाले उनूत आम्ही."

"बरं, बरं," मी म्हणालो, या वेळी अर्थ कळून. मग मी डबा घेतला आणि गाडीत चढलो.