तिपाईचे ठसे

हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांच्या पोरांना रोज सकाळी किनाऱ्यावर नेऊन ठसे ओळखायला शिकवायचं, हे मावशींचं काम. पहिला धडा त्यांच्याच अनवाणी पायाचा. उजव्या पायाची करंगळी लहानपणी दारात चिरडून गेलेली, त्यामुळे वाळूत चारच बोटं उमटायची. "हे कोणतं जनावर?" असं त्या गंभीर तोंडाने विचारायच्या आणि पोरं हसून लोळायची. मग खेकडे, बगळे, आणि शेवटी सगळ्यांची लाडकी तिपाई. तिपाई म्हणजे तीन पायांची भटकी कुत्री. ती कोणाच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. मावशींनी हाक मारली की मात्र शेपूट हलवत हजर.

काल संध्याकाळी मॅनेजरने मावशींना बोलावून घेतलं. कुण्या पाहुणीने कुत्रीची तक्रार केली होती.

"उद्यापासून इथे ती तरी दिसेल, नाहीतर तुम्ही," तो म्हणाला. "कुत्री पकडणारे आलेत, पण ती त्यांच्या हाती लागत नाही. तुम्ही बोलवा."

या वयात आपल्याला दुसरं काम कोण देणार, हे कळायला मावशींना फार वेळ लागला नाही. त्यांनी हाक मारली, तिपाई धावत आली, होडीमागे दबा धरलेल्या दोघांनी फास टाकला. मावशी घरी गेल्या आणि जेवल्यासुद्धा. ठसे काय, रात्रीची भरती पुसून टाकेल.

सकाळी पाहतात तर पाणी ठशांच्या चार हात खालीच थांबलेलं. खराटा शोधेपर्यंत पोरं वाळूत उतरलीसुद्धा.

"आज आपण खडकाकडे जाऊ या, खेकडे बघायला."

"आधी तिपाई," म्हणत पोरं पळाली.

शिकवलेलं काही वाया गेलं नव्हतं. चष्मेवाली मुलगी वाकून वाचू लागली. "तीनच पाय. पावलं लांब लांब पडलीत, म्हणजे पळत आलीय."

"इथे बूट आहेत, दोघांचे," दुसरा म्हणाला. "इथून पुढे तिचे पायच नाहीत. नुसती ओढल्याची रेघ, पार गाडीच्या चाकांपर्यंत."

"पकडून नेलं तिला. बरोबर ना, मावशी?"

मावशींनी मान हलवली. वर कठड्याशी मॅनेजर चहा पीत उभा होता. आता एवढ्यावर थांबा रे, असं त्यांना अगदी आतून वाटत होतं. कुत्रीचं जे व्हायचं ते झालं होतं, निदान पोरांच्या नजरेतून तरी आपण उतरू नये.

"पण ती तर कोणाकडेच जात नाही," चष्मेवाली म्हणाली. "मग पळत कोणाकडे आली?"

मावशी लगबगीने पुढे झाल्या, तिथला अनवाणी पायाचा ठसा पायाखाली मोडायला. घाईत पाय पडला तो शेजारी. ओल्या वाळूत दोन ठसे उमटून राहिले, एक कालचा आणि एक आत्ताचा, दोन्ही चार बोटांचे.

चष्मेवालीने त्यांच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरली. सगळ्यांत धाकट्याला मात्र पहिला धडा आठवला.

"हे कोणतं जनावर?" त्याने मावशींसारखंच तोंड करून विचारलं, आणि हसायला म्हणून सगळ्यांकडे पाहिलं. कोणीच हसलं नाही.