कोऱ्या चौकटी अन् एक अंगठा

"ए बाई, काय हात लावला तू इथं?"

सर ओरडला अन् माह्या हातातला झाडू हिसकून कोपऱ्यात फेकला. खोलीत बियान्याच्या कंपनीची मानसं बसेल होती. कडक इस्तरीचे सदरे. पुढ्यात काजूच्या प्लेटा. त्या प्लेटा म्याच पुसून मांडल्या होत्या. सगळ्यायनं माह्याकडं पाह्यलं. म्या माह्या पायाकडं पाह्यलं.

चिखलीत कॉम्प्युटरचं हापिस होतं ते. लोकायच्या वेबसाइटी बनवत. मी तठी झाडू-पोचा करायची, चहा द्यायची. चार सालं केलं. माहा चहाचा कप खिडकीत अलग राहे. कोनी तसं सांगतलं नव्हतं. पहिल्या दिवशी तठी ठेवला, तठीच राह्यला.

त्या दिवशी कंपनीच्या नव्या वेबसाइटीचं उद्घाटन होतं. भिंतीवर मोठा टीव्ही. सरनं बटन दाबलं. अन् निघालं पांढरं पान. काळी-निळी अक्षरं एकाखाली एक, जशी लेकरानं पाटीवर ओढेल. रंग नाही. फोटो नाही. फोटोच्या जागी नुस्त्या कोऱ्या चौकटी.

एक जाडा सायेब हसला. "हे काय सर, पोस्टकार्ड पाठवलं का आम्हाला?"

सरनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. अन् त्याले मी दिसली.

"सकाळी तूच झाडत होतीस ना? वायर ओढली असणार. या बायकांना मशिनीजवळ येऊच द्यायला नको. वस्तीतून उठून येतात, अक्कल ना शक्कल."

वस्तीतून. त्या एका शब्दात काय काय बसते, ते मले लहानपनापासून ठाऊक हाय.

"सर, म्या वायरले हात..."

"गप. बाहेर हो."

मी बाहेर जाऊन उभी राह्यली. दार काचेचं होतं. टीव्ही दिसे. त्या चौकटी दिसत. मी पाहत राह्यली. कारन त्या कोऱ्या चौकटीत मले माहा मानूस दिसला.

माह्या मानसाचा एकबी फोटो नाही. लग्नातला नाही, रेशनच्या कारडावरचा नाही. असता त कोरी चौकट पाहून मले तो कायले दिसता?

तो लोकायच्या वावरात फवारनी करायचा. रोजानं. बीटी पऱ्हाटी, मंजे कापसाचं नवं बियानं, आली तवा दुकानदार सांगत, याले फवारा लागत नाही, अळी आपोआप मरते. पहिली काही सालं खरंबी निघालं. फवारनीवाल्याले कोनी इचारे ना. मंग गुलाबी अळी आली. बोंड वरून चांगलं हिरवंगार, फोडलं की आत सडेल. लोकं घाबरले. ह्या डबीतलं औषध त्या डबीत, त्या डबीतलं तिसरीत. त्या साली पऱ्हाटी मानसाच्या डोक्यावर गेली होती. पंप पाठीवर, नळी वर, अन् वारा तोंडावर. वावराच्या मालकानं हातात घालाले मोजे नाही देल्ले, तोंडाले फडकं नाही देल्लं. औषध कालवाले काडी देल्ली.

तिसऱ्या दिवशी तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन बसला. मी तठीच निंदून राह्यली होती. म्हने, "मले पऱ्हाटी दिसून नाही राह्यली वं. नुस्तं पांढरं दिसते."

ते त्याचं शेवटचं बोलनं.

माती देल्ल्यावर चौथ्या दिवशी मालक घरी आला. आमच्या वस्तीत तो कधी येत नव्हता. वट्ट्यावरबी टेकला नाही, उभाच राह्यला. हातात कागद. "मयतीचा कागद आहे. फक्त एक अंगठा." म्या देल्ला. इचारलंबी नाही काय लिवलं. अंगठ्याची शाई तीन दिवस गेली नाही. भाकर थापली की पिठावर काळं उमटे. मी तो तुकडा काढून फेके.

लय दिवसानं तहसीलमंदी मदतीचं इचाराले गेली, तवा तठच्या कारकुनानं तो कागद वाचून दाखवला. मयत इसम दारू पिऊन कामावर आला होता. तोंडाले फडकं बांधलं नाही. चूक त्याची. कोनाची तक्रार नाही.

"तुमचाच अंगठा आहे ना बाई?"

"हाव."

"मग आता काय?"

माहा मानूस पंचशील घेतलेला होता. दारूच्या वासानं त्याले उलटी ये. म्या त्याले मेल्यावर दारुडा केलं. माह्या अंगठ्यानं.

हे सगळं त्या काचेच्या दाराबाहेर उभं राहून आठवलं. आठवलं नाही, म्होरं आलं.

दुपारी कंपनीची मानसं जेवाले गेली. सरबी संग गेला. आत नाझिया एकटी राह्यली. नाझिया मंजे मलकापूरची पोट्टी, तठी इंजिनेर होती. तिनं दार उघडलं.

"मावशी, आत या ना. असं काऊन उभं राह्यलं? बसा. मले एक सांगा, सकाळी झाडलं तवा काय दिसत होतं?"

"तुह्या कॉम्प्युटरवर फोटो होते. बोंडाचा होता, पऱ्हाटीचा होता. म्या पाह्यले."

मंग माह्या मनात घोळून राह्यलं होतं ते मी बोलली. "पोरी, वायर निघाली असती त सगळंच गेलं असतं ना? अक्षरं काऊन राह्यली? लाइन जाते त काही अर्धी जात नाही."

नाझिया माह्याकडं पाहतच राह्यली. "या अल्ला. मावशी, येवढं सरच्या ध्यानात नाही आलं."

तिनं एक काळा पडदा उघडला. त्यावर ओळीच ओळी. हरेक ओळीत एकच आकडा. आकडे मले येतात. चारशे चार. चारशे चार. चारशे चार.

"हे काय बाई?"

"हे पान सर्व्हरले फोटो मागून राह्यलं. सर्व्हर मंजे तिकडचा मोठा कॉम्प्युटर, ज्याच्यावरून साइट सगळ्यायले दिसते. तो म्हनते, सापडला नाही. हरेक फोटोले तेच. रंगाच्या फाइलीलेबी तेच."

"मंग हरवले?"

"नाही ना! हायेत. जठीच्या तठी हायेत. माह्या कॉम्प्युटरवर साइट चालते ना, तवा फोटो कोन्याबी कोपऱ्यात असो, तो सोताच धुंडून आनते. तिकडचा सर्व्हर असे लाड करत नाही. सगळं आधी एका जागी गोळा कराव लागते, अन् त्याले सांगाव लागते, बाबा, ह्या जागेवरून घे."

मले लगेच समजलं. कापूस वेचाले नवी बाई आली की ती आपलं गाठोडं तासातच, पऱ्हाटीच्या दोन ओळीमंदी, ठेवते. तिले वाटते, कोनी उचलन. पन गाडी फक्त धुऱ्यावरच्या गंजीपाशी थांबते. तासात कोनी उतरत नाही. दिवसभर वेचेल कापूस तठीच पडून राहते.

"गाठोडे तासातच राह्यले मंग," म्या म्हनलं.

"अगदी तसंच, मावशी!"

"मंग ते धुऱ्यावर आनाचं काम कोनाचं होतं?"

नाझियानं सरच्या खुर्चीकडं पाह्यलं. मंग हळूच म्हने, "काल साइट त्यायनंच चढवली. मले म्हने, तू राहू दे, तुले येळ लागते."

तिनं एक ओळ लिवली. पडद्यावर आकडे धावले. "गोळा झाले," म्हने. पान पुन्हा उघडलं. अजून कोरंच. नाझियानं कपाळाले हात लावला. दुसरी एक फाइल उघडली, बोट ठेवत ठेवत वाचली. अन् हसली. "पाहा मावशी, इथं पत्ता जुन्या जागेचा लिवेल हाय. गाडी दुसऱ्याच वावराच्या धुऱ्यावर उभी हाय."

तिनं पत्ता बदलला. सर्व्हर बंद करून चालू केला.

अन् सगळं भरलं. हिरवा रंग, मोठी अक्षरं, पांढरी फक्क बोंडं. मधातल्या मोठ्या चौकटीत फवारनीवाला. निळा कोट, हातात मोजे, डोळ्याले चष्मा, तोंडावर जाळी. पऱ्हाटी त्याच्या गुडघ्याएवढी. असा फवारनीवाला म्या अख्ख्या जिल्ह्यात पाह्यला नाही. तो चौकटीत आला अन् माहा मानूस तठून गेला.

सर जेवून आला. टीव्ही पाह्यला. "झालं? काय होतं?"

नाझियानं माह्यासमोरच सांगतलं. फाइली गोळा करायच्या राह्यल्या होत्या. पत्ताबी जुना होता.

"बरं बरं. हे बाहेर बोलायचं नाही. कंपनीला मी कारण सांगून बसलोय, त्यांना ते लेखी पाहिजे." त्यानं मशिनीतून एक कागद काढला. अन् माह्याकडं वळला. "मावशी, बसा ना तुम्ही."

चार सालात मले तो पहिल्यांदा तुम्ही म्हनला. खुर्ची देल्ली.

"वाचा," म्या म्हनलं.

त्यानं भरभर वाचलं. साफसफाई करताना माझा धक्का लागून वायर निघाली. चूक माझी आहे. कोणाबद्दल तक्रार नाही.

"तुम्हाला कामावरून काढणार नाही. शब्द माझा. फक्त एक अंगठा."

शाईची डबी माह्या म्होरं ठेवली. तोच वास. तेच बोलनं. आधी मालक पांढऱ्या धोतरात होता, आता सर जीनच्या पॅन्टीत. एवढाच फरक.

नाझिया म्हने, "सर, पन चूक त्यायची नाही."

"तुला विचारलं का? तुझं काम कर."

ती खाली पाहून काम करू लागली. तिच्या घरी तिच्यावर खानारे चार जन. मी तिले दोष देत नाही. पन तिचं ते गप्प राहनं मले अजून ऐकू येते. कारन तशीच मीबी राह्यली होती, मालकासमोर.

"मले सही येते," म्या म्हनलं.

सरचा जीव भांड्यात पडला. "अरे वा!" लगेच पेन काढून देल्ला. विहारात शनवारी म्हातार्‍यायले शिकवत. दोन सालं गिरवून गिरवून मी नाव लिवाले शिकली. कायच्यासाठी शिकून राह्यली, ते मलेच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी समजलं.

"सही येते सर. पन ह्या कागदावर नाही करत."

पेन टेबलावर ठेवला. उठली. बाजूच्या खोलीत कंपनीची मानसं सुपारी खात बसली होती. सरनं मांगून "ए, ए" केलं. तुम्ही गेलं, ए आलं. मी आत गेली.

"सायेब, वायरले म्या हात लावला नाही. फोटो गोळा करून जागेवर ठेवाचे राह्यले होते. पत्ता चुकीचा होता. ते काम सरचं होतं. सकाळी सगळ्यायसमोर जे बोलले, ते त्यायनं सगळ्यायसमोर वापस घ्यावं."

जाड्या सायबानं सुपारी तोंडात टाकली. "सर, तुमची झाडूवाली तर इंजिनिअर निघाली की!"

सगळे हसले. सरबी हसला. वापस काही घेतलं नाही.

सकाळी म्या पायाकडं पाह्यलं होतं. आता नाही पाह्यलं. एकेकाच्या तोंडाकडं पाह्यलं. हसू सरेपर्यंत पाह्यलं. मंग खिडकीतला माहा कप घेतला. झाडू कोपऱ्यातच राहू देल्ला. दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्यायनंबी बोलावलं नाही.

आता निंदाले जाते. कंबर साथ देत नाही, तरी जाते. कापसाचं वावर लागलं की मधूनच थांबून पाहते. बोंडं फुटली की सगळं पांढरं होते, अन् तो म्हने ते मले ऐकू येते. नुस्तं पांढरं दिसते. लोकायले वाटते म्हातारी थकली.

त्या अंगठ्याच्या कागदासाठी म्या तहसीलमंदी तीन खेपा केल्या. कारकून नवा हाय. म्हने, "आजी, एवढा जुना कागद आता सापडत नाही."

म्या त्याले म्हनलं, "बाबू, सापडत नाही मंजे हरवला असं नाही. कोन्या तरी कपाटात हाय. जठी ठेवला तठी. तू धुंड. मी बसते."

अन् मी बसते. भाकर बांधून नेते. अंगठा पुसला जात नाही, मले ठाऊक हाय. पुसाचा नाही मले. त्याच्याच खाली लिवाचं हाय. विहारात बसून ती एक ओळ म्या शंभरदा गिरवली. माहा मानूस पीत नव्हता, त्याले तुमच्या फवाऱ्यानं मारलं. खाली माहं नाव, पूर्न.

कागद निघेपर्यंत मी त्या बाकड्यावरून उठत नाही.