आत्याबाईंची तपासणी, आणि माझी

सासूबाईंच्या लुगड्यावरचा डाग मला आधी पानाचाच वाटला. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. पाळी जाऊन त्यांना दहाएक वर्षं झाली होती. पुन्हा डाग दिसला तेव्हा मात्र मी विचारलं. त्या चिडल्याच.

"उष्णता झाली. सब्जा पिते हाय मी. तू नको लय चौकशी करू."

ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. मी पंचवटीतल्या एका शाळेत शास्त्र शिकवत होते. थांबलेलं रक्त असं पुन्हा जाणं बरं नव्हे, एवढं मला ठाऊक होतं. चार दिवस मी त्यांच्या मागे लागले. पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता त्या हळूच म्हणाल्या, "लासलगावची माझी मावशी ह्याच्यातच गेली. कुणाला बोललीच नाय. डॉक्टरनं तेच नाव घेतलं तर?"

"आणि नाही घेतलं तर?" मी म्हटलं.

डॉक्टर बाई होत्या, म्हणून आत्याबाई टेबलावर चढल्या तरी. माझा हात त्यांनी असा दाबून धरला होता की माझी बांगडी वाढली. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "गर्भाशयाच्या तोंडाशी मांसाचा बारीकसा कोंब होता, तो काढलाय. काचपट्टीवर पेशीही घेतल्यात. दोन्ही तपासायला पाठवते. बहुतेक वेळा यात काही निघत नाही, पण अहवालाआधी मी शब्द देणार नाही."

पुढचे आठ दिवस आत्याबाई पेटी उघडून बसायच्या आणि कुठलं लुगडं कुणाला द्यायचं ते मला सांगायच्या. मी ऐकून घ्यायचे. रडू आलं की मोरीत जाऊन तोंड धुवायचे.

अहवाल आला. "कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. आत्याबाईंनी ते त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तुमची तपासणी कधी झाली होती?"

"मला काही त्रास नाही," मी पर्स उचलत म्हटलं. "शाळाही आहे."

"त्रास व्हायच्या आधीच पाहायचं असतं. तेव्हा सापडलं तर बरं करता येतं."

आत्याबाईंनी माझ्या हातातली पर्स काढून घेतली. "मला चार दिवस भाषण दिलं ना? चढ आता. मी बसते हितंच."

दोन मिनिटांचं काम होतं. पुढच्या आठवड्यात माझाही अहवाल चांगला आला. पण त्याची वाट न पाहता त्याच दुपारी आत्याबाईंनी मला रसवंतीत नेलं, आणि पहिला ग्लास संपायच्या आतच दुसरा मागवला.