विहिरीजवळचे द्वान
द्वान माओलिनने पहिल्यांदा माणसाचं डोकं फोडलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि डोकं त्याच्या बापाचं होतं. बाप धाकट्या माओत्साईला लाटण्याने बडवत होता. माओलिन मध्ये पडला, त्याने तेच लाटणं हिसकावलं आणि हाणलं. त्या दिवसापासून बापाचा हात उठला नाही.

बाप मेल्यावर मात्र याच दोन भावांनी पिंगयाओ गावातल्या विहिरीजवळच्या बापाच्या दुकानात मधोमध भिंत घातली. दोन्हीकडे धंदा तोच, नूडल्सचा. कणकेचा गोळा हातावर तोलायचा आणि सुरीने त्याच्या पट्ट्या सपासप आधणात सोडायच्या.

मग परदेशी प्रवाशांच्या एका मार्गदर्शक पुस्तकात छापून आलं, की वेशीतलं जुनं शहर बघून झालं की विहिरीजवळच्या द्वानकडे जेवावं. पानात बोट घालून गोरी माणसं यायची, विचारायची, "द्वान?" दोन्ही दारांतून उत्तर यायचं, "मीच."

माओलिनने ते पान काचेत मढवून दारावर लावलं.

"तुझं नाव दाखव त्यात," माओत्साई म्हणाला. "नुसतं द्वान आडनाव लिहिलंय. मी काय वांगांच्या घरातला?"

"माझ्या हाताखाली शिकलास तू."

"हाताखाली मार खाल्ला, असं म्हण दादा."

दुसऱ्या दिवशी काच फुटलेली होती. माओलिनने भावाची बाकं तोडून चुलीत घातली. माओत्साईने त्याच्या कणकेत राख ओतली.

मे महिन्याच्या सुट्टीत एक जोडपं पुस्तक घेऊन माओलिनच्या उंबऱ्यावर उभं होतं. माओत्साई बाईची पिशवी धरून तिला आपल्याकडे ओढायला लागला. माओलिनने लोखंडी झारा त्याच्या कानावर हाणला. माओत्साईने डोक्याची धडक देऊन त्याचे पुढचे दात पाडले, त्याला फरफटत आत नेलं, चुलीच्या कडेवर दाबून गळा आवळला. माओलिनच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चाचपडत हाताला उकळत्या आधणाच्या पातेल्याचा कान लागला. त्याने तो भावाच्या अंगावर ओढला.

सदरा काढताना माओत्साईच्या दंडाची कातडीही सोबत आली.

माओलिन चार वर्षं तुरुंगात होता. सुटून आला तेव्हा मधली भिंत पाडलेली होती आणि आधणापाशी भावजय श्युचिन उभी होती. माओत्साईचा उजवा हात कोपरात आखडून छातीशी चिकटला होता.

"भावजी, आत येऊ नका," श्युचिन म्हणाली.

"वाढ त्याला," आतून माओत्साई म्हणाला. "खाऊ दे. मग जाऊ दे."

माओलिनने विहिरीपाशी उभ्यानेच खाल्लं, वाडगा धुऊन उंबऱ्यावर ठेवला आणि गाव सोडलं.

पुढे तो एका वीटभट्टीवर राहिला. तिथे एकदा मुकादम एका मजुराला पट्ट्याने फोडत होता. माओलिनने फावडं उचललं. पण नाकात त्या उकडलेल्या कातडीचा वास भरला, फावडं गळून पडलं आणि तो विटांच्या ढिगामागे जाऊन ओकला. मुकादमाचा पट्टा चालूच होता. तोंड पुसून माओलिन परत आला आणि त्या मजुरावर आडवा पडला. पट्टा त्याच्या पाठीवर बसत राहिला. त्याने हात काही उचलला नाही.