भाड्याने आणलेल्या दोन लेन्स

माझा थोरला भाऊ इंदूरच्या एका हिंदी दैनिकात फोटोग्राफर होता. तो निवृत्त झाला त्याच वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या लिहून दिल्या. हा आजार मागे फिरत नाही, तो किती हळू पुढे जातो एवढंच बघायचं, हेही सांगितलं. दवाखान्यातून छत्रीबागेतल्या घरी आल्यावर दादाने जाहीर केलं की त्याला टेलिफोटो लेन्स घ्यायची आहे.

नोकरीभर त्याने नेत्यांचे सत्कार, अपघात, मोर्चे आणि खजरान्याच्या गणपतीची गर्दी टिपली. त्या कामाला लांबची लेन्स लागत नाही, कोपर मारून पुढे घुसावं लागतं. बेटम्याच्या पुढे एका तलावावर हिवाळ्यात सारसांची जोडी असते. धारकडे बातमीला जाताना ती त्याला गाडीतून दिसायची आणि गाडी कधी थांबायची नाही. त्या जोडीचा नाच एकदा स्वतः काढायचा, हात साथ देतोय तोवर, एवढंच त्याला हवं होतं. तो हे अशा शब्दांत बोलला नाही. "अब नहीं तो कधी?" इतकंच म्हणाला.

मी शहरातल्या दुसऱ्या एका वर्तमानपत्रात डेस्कवर काम केलं आहे. आलेले फोटो निवडणं आणि कापणं हा त्या कामाचा भाग होता. म्हणून लेन्स बघायला त्याने मला, धाकट्या बहिणीला, सोबत नेलं.

दुकानदाराने काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या. एक चारशे मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम, हलकी, एका हातात मावणारी. दुसरी सहाशेची, मांडीएवढी जाड, झूम नसलेली. पहिलीने लांबचा पक्षी लहान दिसतो. दुसरीने तो जवळ येतो, पण वजन पेलावं लागतं आणि हाताची प्रत्येक हालचाल तितकीच मोठी होऊन दिसते.

"भिया, आपके लिए तो ये हलकी वाली," दुकानदार इंदुरी थाटात म्हणाला. "अंदर स्टॅबिलायझेशन है. हाथ हिले तो भी फोटो नहीं हिलेगा."

दादाने उजवा हात खिशात घातला. "हाथ किसका हिल रहा है?"

"अरे मतलब सबका हिलता है. मेरा खुद का हिलता है, सुबह के पोहे होने तक."

दादा हसला नाही. मी म्हटलं, "दादा, मोठी घे आणि तिला ट्रायपॉड लाव."

"मी काय शादीवाला आहे?"

इंदूरच्या प्रेस फोटोग्राफरांमध्ये ही शिवी होती. तीन पायांवर कॅमेरा ठेवून उभा राहतो तो लग्नाचा व्हिडिओवाला. प्रेसवाला हातातच कॅमेरा धरतो, मग धक्के बसोत की पोलिसांची काठी. एकदा एक नवा मुलगा सभेला ट्रायपॉड घेऊन आला, तर सगळ्यांनी त्याला वरमाला कधी आहे म्हणून विचारलं होतं. दादा त्यात सगळ्यात पुढे होता.

दुकानदार लेन्स भाड्यानेही द्यायचा. वापरून ठरवू, असं म्हणून आम्ही रविवारसाठी दोन्ही घेतल्या. दादा बाहेर गेल्यावर मी एक ट्रायपॉडही घेतला आणि गाडीच्या डिकीत ठेवला.

तलावावर पोचलो तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. सारस पलीकडच्या काठाला उथळ पाण्यात उभे होते, राखाडी अंगाचे, लाल डोक्याचे, उंच. अलीकडे आडोसा नव्हता आणि जवळ गेलं तर ते उडाले असते. दादाने आधी हलकी लेन्स लावली आणि कोपरं पोटाशी दाबून बरेच फोटो काढले. दुकानदार खोटं बोलला नव्हता. फोटो हलले नव्हते. पण पाणीच पाणी होतं आणि त्यात पक्षी बोटाच्या पेराएवढे.

"कापला की छापायला तीन कॉलम आरामात निघेल," दादा म्हणाला.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. पिसांचा लगदा झाला होता. "नाही निघणार."

"अगं, न्यूजप्रिंटच्या कागदावर कोणाला समजतं?"

"हा न्यूजप्रिंटवर जाणार आहे का?"

त्याने कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि लेन्स बदलायला लागला. मोठी लेन्स त्याने डाव्या तळहातावर पेलून डोळ्याला लावली आणि लगेच खाली केली. पुन्हा लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "डिकीत आहे ना? काल बघितला मी."

मी ट्रायपॉड आणला. "इथे कोण बघतंय?"

"सारस बघतायत ना. सगळ्या माळव्यात सांगतील, शादीवाला आला होता म्हणून."

ट्रायपॉडवर लेन्स बसली तेव्हा सारसाचं डोकं आणि मान स्पष्ट दिसायला लागली. दादा बराच वेळ नुसता बघत राहिला. पण मान हलली, पक्षी सरकला, की लेन्स फिरवावी लागते, म्हणजे तिला हात लावावा लागतो. हात लागला की थरथर थेट चौकटीत येत होती. हात काढला की पक्षी चौकटीबाहेर. उजेड कमी होता, त्यामुळे थरथर लपेल इतकं शटर वेगवान ठेवता येत नव्हतं. ऊन चढल्यावर ठेवता आलं असतं, पण तोवर सारस शेतात निघून जातात आणि पाण्यावरची हवा तापून लहरायला लागते, फोटो धूसर येतो. वेळ होती ती हीच.

नराने मान वर करून आवाज दिला, पंख उघडले. दादाने दोन्ही हात लेन्सवरून काढले आणि बाजूला झाला.

"तू धर. डावीकडे. अजून. दोघं आले का आत?"

"आले."

"थांब. थांब जरा." तो कॅमेऱ्याकडे नाही, नुसत्या डोळ्यांनी पाण्याकडे बघत होता. "आत्ता! दाबून ठेव."

मी दाबून ठेवलं.

फोटोत मादीने मान खाली घेतली होती आणि नर हवेत होता. त्याचे पाय पाण्याच्या वर सुटलेले होते आणि पायांखाली थेंब दिसत होते. दादाने फोटो नराच्या डोळ्यापर्यंत मोठा केला. डोळा लखलखीत होता.

"ह्याला म्हणतात फोटो," तो म्हणाला. "कधी शिकलीस?"

"फोटो तुझा आहे. मी फक्त बटन दाबलं."

"बटन दाबतो त्याचा फोटो."

वर्तमानपत्रात हाच नियम होता. जागा कोणी शोधली, कुठे उभं राहायचं हे कोणी सांगितलं, याला किंमत नाही. ज्याने दाबलं त्याचं नाव फोटोखाली जातं. या नियमासाठी दादा स्वतःच्या वरिष्ठाशीही भांडला होता.

"तो नियम नोकरीतला होता," मी म्हटलं.

"मग आता कोणता लावू?"

परतताना गाडी मी चालवली. बेटम्यात चहाला थांबलो तेव्हा त्याने कप दोन्ही हातांनी धरला.

सोमवारी आम्ही लेन्स परत द्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "तो भिया, कौन सी पक्की करें?"

"बड़ी वाली. ट्रायपॉड के साथ. वही सही है."

दुकानदार वळून वरच्या फळीवरचं खोकं काढायला लागला.

"सही है बोला मैंने," दादा म्हणाला. "लेनी है, ये नहीं बोला. बटन तो ये दबाएगी, मैं नहीं."

मग त्याने खांद्यावरची पिशवी उघडली, आपला कॅमेरा बाहेर काढून काउंटरवर ठेवला आणि पट्टा नीट गुंडाळला. "ये रख लो. कोई प्रेस का लड़का माँगे तो दे देना."

दुकानदाराने कॅमेऱ्याला हात लावला नाही. खोकं हातात तसंच धरून तो माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी ट्रायपॉड कॅमेऱ्याशेजारी ठेवला.