मुलीचे मामा

भोंगाअण्णा माईकवर बोलले की ते खरं व्हायचं. नेकनूरच्या आसपासच्या कुठल्याही लग्नात माईक त्यांच्याच हातात. एकदा त्यांनी गावच्या नामचीन दारुड्याचं स्वागत ‘माळकरी बाबुराव’ असं केलं. मांडव हसला. बाबुराव मात्र उठून, हात जोडून, गंभीरपणे बसले आणि पुढच्याच महिन्यात नारायणगडावर जाऊन खरोखर माळ घालून आले! विचारलं तर म्हणाले, “अण्णानं मैकवर सांगितलंय. आता पिऊन कसं चालंल?”

अण्णांकडे विशेषणांचा साठा होता. दोन एकर कोरडवाहूवाला ‘प्रगतशील बागायतदार’ व्हायचा, सगळ्यांशी भांडणारा ‘मनमिळाऊ’. “आपुन म्हनायचं, मानूस हळूहळू तसा व्हतो. न्हाई झाला तर निदान लाजतो तरी,” असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचा लाडका श्रोता. कुणाला काय म्हणायचं, हे त्यांच्या कानात सांगायची खोड मला होतीच.

माझ्या चुलतभावाच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. मुलीला बोहल्यावर आणायचं ते मामानं. वहिनीचा भाऊ दगडूमामा नांदूरघाटचा; तेव्हा ऊसतोडीला कर्नाटकात होता, रातोरात निघाला होता. मुहूर्त टळत चालला होता. पुढच्या खुर्चीत आमच्या भागाचे पुढारी दादासाहेब घड्याळ बघत होते. त्यांना आणखी चार लग्नं गाठायची होती. मी अण्णांकडे बघून दादासाहेबांच्या दिशेनं भुवई उडवली. अण्णांना तेवढं पुरे.

“मुलीला मामासमान असलेले आपले दादासाहेब मुलीला घेऊन येत आहेत!”

टाळ्यांचा कडकडाट! सगळ्यात आधी टाळी मीच वाजवली.

त्या वेळी दगडूमामा मांडवाच्या दाराशी, पाण्याच्या टँकरच्या नळाखाली पाय धूत होता. डोक्याला नवा फेटा. त्यानं मागूनच अक्षता टाकल्या, जेवला नाही. जाताना अण्णांपाशी थांबला. “अण्णा, तुमच्या भोंग्यातून मामा आला. मंग आता मी कोन?”

अण्णा दोनदा नांदूरघाटला जाऊन आले. “लई गोड बोलला रे. च्या पाजला, उसाचं, पान्याचं सांगत बसला. त्या दिवसाचं काढूच देईना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.” मी म्हणालो, “जाऊ द्या हो अण्णा.” ते माझ्याकडे बघत राहिले. भुवई कुणाची होती, हे त्यांनी कधीही, कुणालाही सांगितलं नाही.

दादासाहेबांना मात्र तो शब्द गोड लागला. भाऊबीजेला वहिनीला साडी येऊ लागली, धाकटीला कॉलेजात प्रवेश मिळाला. दगडूमामानं बहिणीचा उंबरा ओलांडणं सोडलं. घरात ‘मामा आले’ म्हटलं की पोरं गाडी बघायला पळायची.

धाकटीच्या लग्नाला अण्णा स्वतः जाऊन दगडूमामाला घेऊन आले. मुहूर्ताच्या आधी माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाले, “मुलीचे सख्खे मामा, नांदूरघाटचे दगडूमामा, यांनी मुलीला घेऊन यावं.” नुसतं नाव. एकही विशेषण नाही.

मामा उठला. नवा फेटा सावरत मुलीपाशी गेला, हात पुढं केला. मुलगी गोंधळली. तिनं आईला हळूच विचारलं, “आन् मामा गं? ते तर तिकडं बसल्यात.”

अण्णा शेजारीच होते आणि माईक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं.

दगडूमामानं हात मागं घेतला. रागावला नाही. “दादासाहेब, या,” म्हणाला. “पोरगी तुमची वाट बघती.”

अण्णांनी माईक बंद करून माझ्या हातात दिला. त्या लग्नात मंगलाष्टकं माईकशिवायच झाली. पुढं अण्णा लग्नांना आले ते नुसते जेवायला, आणि मग तेही नाही. गेल्या वर्षी ते गेले.

माईक अजून माझ्याकडेच आहे. विशेषणं मीही वाटतो. लोक हसतात, मलाही मजा येते. फक्त मुलीच्या मामाला हाक मारायची वेळ आली की मी माईक खाली ठेवतो, मांडवाच्या दाराशी जातो आणि नळाखाली कुणी पाय धूत नाही ना, ते आधी बघून येतो.