भिंतीपलीकडचा सर्व्हर
बाबांचा संगणक सुरू केला तसा तापलेल्या धुळीचा तोच वास आला. तेव्हा नेर गावच्या याच घरी मी सॉकेट, म्हणजे दोन संगणकांना एकमेकांशी बोलायला लावणारं प्रोग्रामिंग, शिकत होतो. बाबांच्या खोलीत संदेश घेऊन उत्तर देणारा सर्व्हर, माझ्या खोलीत संदेश पाठवणारा क्लायंट. दुसऱ्या दिवशी कॉलेजात दाखवायचं होतं आणि उत्तर परत येतं का, एवढंच पाहायचं राहिलं होतं. मी लिहून पाठवलं, ‘मिळालं का?’ भिंतीपलीकडून बाबा ओरडले, “भेटलं रे!” “ओरडू नका, टाइप करा.” “कायले? तू आयकून राह्यला ना!” बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं, आणि माझ्या पडद्यावर उमटलं, ‘आता जेवाले ये.’ बाबा गेल्यावर आज मी तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. माझ्या खोलीतून तोच संदेश पाठवला, त्यांच्या खोलीत जाऊन मीच वाचला, आणि त्यांच्या खुर्चीत बसून एकेक अक्षर टाइप केलं, ‘भेटलं रे!’